एक कॅरेटची अंगठी आणि सासूबाईंच्या कुड्या: एका हिरेखरेदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या एका घरातलं आहे. माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, रकमा जवळच्या हजारात आणल्या आहेत. मी रत्नपरीक्षणाचं काम करते. दागिने विकत नाही, कुठल्या पेढीकडून कमिशन घेत नाही. खडे तपासते आणि त्याची फी घेते.

२०२४ची दिवाळी झाली आणि या घरात साखरपुड्याची तयारी सुरू झाली. मुलगी सॉफ्टवेअर कंपनीत, आई निवृत्त शिक्षिका, वडील हयात नाहीत. मुलाकडून अंगठी येणार होतीच, पण आईंना स्वतःकडून मुलीला हिऱ्याची अंगठी द्यायची होती. "सोनं आमच्याकडे सगळ्यांनीच घेतलं. हिरा कधी जमला नाही," असं त्या म्हणाल्या. बजेट अडीच लाखांचं. त्यातले दोन लाख बँकेतून काढायचे आणि उरलेल्या पन्नास हजारांसाठी आईंच्या सासूबाईंच्या हिऱ्याच्या कुड्या मोडायच्या, असा बेत होता.

सोनं घ्यायचं कसं, हे या घराला नीट ठाऊक होतं. भाव पेपरात छापून येतो, वजन काट्यावर दिसतं, शुद्धता हॉलमार्कवरून आणि दागिन्यावर कोरलेल्या एचयूआयडी क्रमांकावरून कळते. वजन गुणिले भाव, अधिक मजुरी, अधिक जीएसटी. हाच हिशेब घेऊन आई हिऱ्यांच्या काउंटरवर गेल्या आणि गुंता तिथून सुरू झाला. हिऱ्याला सोन्यासारखा रोजचा एकच भाव नसतो. एकाच वजनाच्या दोन हिऱ्यांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक असू शकतो आणि दोन्ही किमती आपापल्या जागी बरोबर असू शकतात. "कॅरेटला काय भाव?" (हिऱ्यात कॅरेट हे वजनाचं माप) असं विचारलं की दुकानदार उत्तर देतो, पण त्या उत्तरावरून गिऱ्हाइकाला काहीच ठरवता येत नाही.

अडचण

मायलेकींनी तीन ठिकाणी अंगठ्या पाहिल्या.

पहिल्या पेढीत १.०१ कॅरेटच्या नैसर्गिक हिऱ्याची अंगठी होती, २,४८,००० रुपयांना. "काकू, पूर्ण एक कॅरेट आहे. एवढ्या पैशात एक कॅरेट दुसरीकडे दाखवा," असं काउंटरवरच्या माणसानं सांगितलं. सोबत जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेचा रिपोर्ट होता. आईंनी तिथल्या तिथे अकरा हजारांचं टोकन दिलं.

दुसऱ्या दुकानात ०.७२ कॅरेटचा हिरा होता, तोही नैसर्गिक आणि जीआयएचा. अंगठीसकट २,२२,०००.

तिसरं दुकान फक्त लॅबग्रोनचं, म्हणजे कारखान्यात बनवलेल्या हिऱ्यांचं. २.०३ कॅरेट, आयजीआय या दुसऱ्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट, अंगठीसकट ९५,०००. मुलीला ही आवडली होती.

घरी आल्यावर आईंनी वहीत भागाकार केले. पहिली अंगठी कॅरेटला सुमारे २ लाख ४५ हजारांना पडत होती, दुसरी ३ लाख ८ हजारांना, तिसरी ४७ हजारांना. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला: पहिली स्वस्त, दुसरी महाग आणि तिसरी खोटी. मुलीला शेवटचा शब्द मान्य नव्हता. दोघींचं त्यावरून वाजलं होतं. माझ्याकडे त्या आल्या तेव्हा आईंच्या पर्समध्ये तिन्ही रिपोर्टांच्या झेरॉक्स होत्या आणि एका छोट्या डबीत कुड्या.

कुड्यांसाठी पहिल्या पेढीनं भाव सांगितला होता. सोन्याचे वजनाप्रमाणे पैसे, त्यातून खड्यांचं म्हणून एक ग्रॅम वजा, आणि सगळ्या हिऱ्यांचे मिळून पंधरा हजार.

तीन कागद वाचताना

हिऱ्याचा रिपोर्ट बहुतेक लोक वरून खाली वाचतात. वजन, रंग, स्वच्छता आणि मग कट. मी आधी मिलिमीटर आणि कट पाहते. वजन काटा सांगतो, रंग आणि स्वच्छता निसर्ग ठरवतो, पण खडा चमकणार की नाही हे पैलू पाडणाऱ्याच्या हातात असतं. त्याचे कोन बरोबर असतील तर वरून शिरलेला प्रकाश आतून उलटून डोळ्यांकडे परततो. खडा जास्त खोल किंवा जास्त उथळ राहिला तर तो प्रकाश खालून, बाजूनं निसटतो.

पहिल्या हिऱ्याच्या कागदावर वजन १.०१ कॅरेट होतं. रंग के, स्वच्छता एसआय-२ (भिंगातून दोष सहज दिसतात ती श्रेणी), कट 'गुड' (सगळ्यात वरच्या 'एक्सलंट'च्या दोन पायऱ्या खाली), फ्लोरेसन्स (अतिनील प्रकाशात खडा उजळणं) तीव्र निळा. व्यास ६.२० मिलिमीटर, खोली व्यासाच्या ६६ टक्के, मेखला (खड्याची सगळ्यात रुंद कड) जाड.

खरं तर एवढ्यातच सगळं आलं होतं. चांगल्या कटचा एक कॅरेटचा गोल हिरा साधारण ६.४ ते ६.५ मिलिमीटर असतो. ६.२० मिलिमीटर हा चांगल्या कटच्या ०.९० कॅरेटचा व्यास आहे. म्हणजे वरून पाहताना हा खडा नव्वद सेंटचा (शंभर सेंट म्हणजे एक कॅरेट) दिसणार आणि उरलेलं वजन तळाच्या खोलीत आणि जाड मेखलेत दडलेलं. असं करण्यामागे कारण असतं. हिऱ्याच्या बाजारात ०.९९ आणि १.०० कॅरेटच्या मधे किमतीची पायरी आहे. न्यूयॉर्कहून निघणारा रॅपापोर्टचा दरतक्ता घाऊक व्यापारात १९७८पासून चालतो आणि त्यात वजनाचे गट पाडलेले असतात. ०.९० ते ०.९९ हा एक गट, १.०० ते १.४९ हा पुढचा. गट बदलला की कॅरेटमागचा दर वर उडी घेतो. म्हणून कच्च्या खड्यातून चमक काढायची की वजन राखायचं, हा निर्णय सुरतेच्या कारखान्यात होतो तेव्हा बऱ्याचदा वजन जिंकतं. १.०१ हा आकडा गिऱ्हाइकाला मोहात पाडतो, आणि म्हणूनच तो तिथं असतो.

के रंगात पिवळसर छटा असते. जीआयएची डी ते झेड ही रंगश्रेणी १९५३ची. तीत डी, ई, एफ हे रंगहीन, जी ते जे जवळपास रंगहीन, आणि के पासून फिकट पिवळेपणा सुरू होतो. पिवळ्या सोन्यात के वाईट दिसत नाही, पण ही अंगठी पांढऱ्या सोन्याची होती. तिथं तो उठून दिसणार. तीव्र निळ्या फ्लोरेसन्सचा लोकांनी उगाच बाऊ केला आहे. के रंगाच्या खड्याला दिवसाच्या उजेडात त्याचा थोडा फायदाच होतो, कारण निळी छटा पिवळी छटा झाकते. काही मोजके खडे त्यामुळे दुधाळ दिसतात, तेवढं तपासायचं.

मला काळजी वाटली ती रिपोर्टाच्या तळाशी बारीक अक्षरात असलेल्या शेऱ्याची. स्वच्छतेची श्रेणी आकृतीत न दाखवलेल्या क्लाउडमुळे दिली आहे, असा तो शेरा होता. क्लाउड म्हणजे अतिसूक्ष्म ठिपक्यांचा पुंजका. व्हीएस, म्हणजे एसआयहून स्वच्छ, खड्यात असा शेरा असेल तर बिघडत नाही. एसआय-२मध्ये तो पुंजका इतका पसरलेला असू शकतो की सगळा खडा धुरकट दिसतो. कुठंच काळा डाग नाही, म्हणून दुकानदार "बघा, डोळ्याला काही दिसत नाही" असं खरंच म्हणू शकतो. दिसत काही नसतं, पण चमकही नसते.

दुसऱ्या कागदावर ०.७२ कॅरेट, जी, व्हीएस-२, कट 'एक्सलंट', फ्लोरेसन्स नाही, व्यास ५.७५ मिलिमीटर. दोन्ही आकडे मी शेजारी लिहून दाखवले. पहिल्या हिऱ्याचं वजन दुसऱ्यापेक्षा ४० टक्क्यांनी जास्त होतं, आणि व्यास जेमतेम ८ टक्क्यांनी. आईंनी वही परत उघडली आणि बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिल्या.

मग मी दोघींना परत दुकानांत पाठवलं, पण वेगळ्या सूचना देऊन. काउंटरवरच्या झगझगीत स्पॉटलाइटखाली कुठलाही हिरा नाचतो. काचेचा तुकडासुद्धा तिथं बरा दिसतो. खडा घेऊन दाराजवळच्या सावलीत जायचं, हाताच्या आडोशाला धरायचा आणि तिथं तो किती जिवंत राहतो ते पाहायचं. शक्य असेल तर दोन खडे एकाच वेळी, एकाच उजेडात. पहिल्या पेढीनं अंगठी बाहेर नेऊ दिली नाही, पण काचेच्या दारापर्यंत नेऊ दिली आणि तेवढं पुरलं. मुलीचा फोन आला. "मॅडम, मधे राखाडी दिसतंय. जणू काचेवर वाफ धरलीये."

लॅबग्रोनचा वाद

आईंचा 'खोटा' हा शब्द मी मागे घ्यायला लावला, कारण तो चूक होता. लॅबग्रोन हिरा हा कार्बनचाच, तोच स्फटिक, तोच कडकपणा. सराफाकडच्या साध्या टेस्टर पेनला नैसर्गिक आणि लॅबग्रोन यांतला फरक कळत नाही. तो कळायला प्रयोगशाळेतली उपकरणं लागतात. काच, झिरकॉन किंवा अमेरिकन डायमंड यांच्या पंगतीत त्याला बसवणं हा अन्याय आहे. तो एचपीएचटी पद्धतीनं जास्त दाबात किंवा सीव्हीडी पद्धतीनं वायूतून थर चढवत वाढवतात, आणि सुरत आज त्याचं मोठं केंद्र आहे. भारत सरकारनं २०२३च्या अर्थसंकल्पात या हिऱ्यांच्या बीजांवरचं सीमाशुल्क काढलं होतं.

मुलीचा मुद्दा सरळ होता. "आई, आपण अंगठी विकणारच नाही आहोत. मग रिसेलचा विचार कशासाठी करायचा?"

या मुद्द्याला माझ्याकडे तोड नव्हती, आणि आजही नाही. ज्याला फक्त घालायचं आहे, ज्याला मोठा, पांढरा, स्वच्छ खडा हवा आहे, त्याच्यासाठी ९५ हजारांतला दोन कॅरेट हा सरळ व्यवहार आहे. मी फक्त एवढं सांगितलं की त्या ९५ हजारांकडे खर्च म्हणून पाहायचं, ठेव म्हणून नाही. कारखान्यात हवे तेवढे बनवता येतात म्हणून या हिऱ्यांचे भाव वर्षागणिक उतरत आले आहेत. डी बिअर्स या मोठ्या हिरे कंपनीनं २०१८मध्ये कॅरेटला ८०० डॉलर अशा दरानं लॅबग्रोन दागिन्यांचा ब्रँड काढला आणि मे २०२५मध्ये तो बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी जूनमध्ये जीआयएनं सांगितलं की लॅबग्रोनसाठी नैसर्गिक हिऱ्यांची रंग-स्वच्छतेची पट्टी यापुढे वापरणार नाही. या दोन्ही घोषणा आमच्या बोलण्यानंतरच्या आहेत, पण दिशा तेव्हाही दिसत होती.

नैसर्गिक हिरा म्हणजे गुंतवणूक, असंही मी म्हटलं नाही. दुकानातून घेतलेला नैसर्गिक हिरा दुसऱ्या दिवशी बाजारात नेला तर दिलेल्या किमतीच्या बराच खाली जातो. जी पेढी परत घेते तिथंच तो बऱ्यापैकी परत जातो, आणि तेही तिच्या अटींवर.

कुड्यांचा प्रश्न

मला या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा भाग कुड्यांचा वाटतो, कारण इथं निर्णय उलटवता येणार नव्हता. अंगठी बदलता येते. मोडलेल्या कुड्या परत येत नाहीत.

सात-सात हिऱ्यांच्या, मधे एक आणि भोवती सहा, अशा नेहमीच्या घडणीच्या कुड्या होत्या. सासूबाईंच्या लग्नातल्या, म्हणजे १९४०च्या दशकातल्या. मागून काम उघडं होतं, त्यामुळे खडे दोन्ही बाजूंनी पाहता येत होते. वर्षानुवर्षांचं तेल आणि साबण साठून हिरे मळकट, निस्तेज झालेले. हिऱ्याला चरबी चटकन चिकटते आणि पाणी चिकटत नाही. त्यामुळे घालून घालून हिरा जेवढा मंदावतो तेवढी दुसरी रत्नं मंदावत नाहीत. पेढीनं त्या तशाच अवस्थेत पाहून भाव केला होता. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून, मऊ ब्रशनं घासल्यावर आईंचा चेहरा बदलला. सासूबाईंच्या कानांत त्यांनी त्या तशा पाहिल्या होत्या.

दहापट भिंगातून पाहिलं तर तेरा खडे एका घाटाचे होते. लहान टेबल (वरचा सपाट पैलू), उंच माथा, आणि तळाचं टोक कापून सपाट केलेलं, त्यामुळे वरून पाहिलं की मध्यभागी बारीक वर्तुळ दिसतं. हे जुन्या पद्धतीचं पैलूकाम आहे. टेस्टरलाही तेराही हिरे म्हणून उतरले. चौदावा खडा उतरला नाही. कधीतरी निखळल्यावर कुणीतरी तिथं साधा पांढरा खडा बसवला होता. घरात कुणालाच ते माहीत नव्हतं.

खडे काढल्याशिवाय वजन करता येत नाही, पण अंदाज बांधता येतो. गोल हिऱ्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करायचा, त्याला खोलीनं गुणायचं आणि ०.००६१नं गुणायचं. ३.१ मिलिमीटर व्यास, १.९ मिलिमीटर खोली असेल तर सुमारे ०.११ कॅरेट येतं. तेरांचे मिळून साधारण १.४५ कॅरेट. रंग जे ते एल, दोन खड्यांच्या कडेला बारीक टवके.

आता पेढीचा हिशेब तपासता येत होता. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. तेरा हिरे म्हणजे ०.२९ ग्रॅम, चौदावा धरून फार तर ०.३ ग्रॅमच्या आसपास. वजा मात्र पूर्ण एक ग्रॅम केला जात होता. म्हणजे जवळजवळ ०.७ ग्रॅम सोन्याचे पैसे मिळणारच नव्हते. हीच गोष्ट खरेदीत उलट बाजूनं होते. खड्यांसकटच्या एकूण वजनाला सोन्याचा भाव लावला तर हिऱ्याच्या वजनाचे पैसे दोनदा जातात.

हिऱ्यांचे पंधरा हजार हा भाव कमी होता, पण लुबाडणूक म्हणावी इतका नव्हता. बारीक, जुन्या घाटाचे, पिवळसर खडे व्यापाऱ्याला फार कामाचे नसतात. बाजारात फिरून कदाचित पंचवीस-तीस हजार आले असते. आईंना ऐकायला हे कठीण गेलं. "दीड कॅरेट हिरे आणि एवढेच?" त्यांच्या डोळ्यांसमोर १.०१ कॅरेटची किंमत होती. पण अकरा-अकरा सेंटचे तेरा खडे मिळून दीड कॅरेट होणं आणि दीड कॅरेटचा एक खडा असणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मोठे खडे दुर्मिळ असतात, म्हणून वजन वाढेल तसा कॅरेटमागचा दरही वाढतो. दागिन्याच्या चिठ्ठीवर 'एकूण हिरे दीड कॅरेट' असं लिहिलेलं असतं तेव्हा किती नग, हे विचारायलाच हवं.

त्याच तोलाच्या कुड्या नव्यानं करायला सोन्यासकट लाखाच्या वर गेले असते. विकायला नेल्या तर जवळपास फक्त सोन्याचे पैसे, घ्यायला गेलं तर लाखाच्या वर.

समोर असलेले पर्याय

तोपर्यंत चित्र असं झालं होतं. १.०१चा खडा मनातून उतरला होता. ०.७२ उत्तम होता, पण आईंना तो बोटावर लहान वाटत होता. दोन कॅरेटचा लॅबग्रोन मुलीच्या बारीक बोटावर आठ मिलिमीटरचा झाला असता. रोज कीबोर्डवर काम करताना तो अडकेल हे तिनंच घालून पाहिल्यावर म्हटलं. एक कॅरेटचा लॅबग्रोन घेऊन उरलेले पैसे बँकेतच ठेवावेत, असाही पर्याय होता, आणि शुद्ध हिशेबानं तो सगळ्यात स्वस्त होता.

मी एक वेगळा प्रश्न विचारला. अंगठी पांढऱ्या सोन्याचीच हवी का? मुलगी एरवी पिवळं सोनं घालते. पिवळ्या सोन्याच्या कोंदणात जी रंगासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही, कारण धातूचीच छटा खड्यात उतरते. एच किंवा आय पुरतो. स्वच्छतेतही व्हीएस-२ऐवजी एसआय-१ घेता येतो, अट इतकीच की दोष कडेला असावा, टेबलाखाली नसावा, आणि तो क्लाउड नसावा. या दोन ठिकाणी खाली उतरून वाचलेले पैसे वजनात घालायचे. कटमध्ये मात्र 'एक्सलंट'च्या खाली यायचं नाही.

काय केलं

दुसऱ्या दुकानाला असा खडा मागवायला सांगितला, आणि तो सुटा हवा अशी अट घातली. सुट्या खड्यालाच जीआयए रिपोर्ट देते. एकदा अंगठीत बसला की रंग नीट जोखता येत नाही आणि कडेचे टवके पंज्यांखाली झाकले जातात. मुंबईच्या भारत डायमंड बोर्स या हिरेबाजारातून दुकानदारानं तीन खडे मागवले. त्यांतला एक ०.८० कॅरेटचा होता, आय, एसआय-१, कट 'एक्सलंट', व्यास ५.९७ मिलिमीटर. दोष म्हणजे कडेला एक छोटी पिसासारखी रेघ, जी पंज्याखाली जाणार होती. रिपोर्ट क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला, आणि मेखलेवर लेझरनं कोरलेला तोच क्रमांक मुलीनं स्वतः भिंगातून वाचला. अंगठी तयार झाल्यावर तिनं तो परत वाचला. सुट्याच्या जागी दुसरा खडा बसवला जाऊ नये यासाठी याहून सोपा उपाय नाही.

दुकानदारानं रॅपापोर्टचा तक्ता दाखवून "रॅपवर तीस टक्के सूट देतोय" असं सांगितलं. माणूस चांगला होता, पण हे वाक्य ऐकून भुलायचं कारण नव्हतं. त्या तक्त्यातले दर चढे असतात आणि घाऊक व्यापारात बरेचसे हिरे त्याच्या खालीच विकले जातात. तुलना करायची ती दुसऱ्या दुकानातल्या तशाच वजनाच्या, तशाच ग्रेडच्या, त्याच प्रयोगशाळेच्या खड्याशी. आईंनी दोन ठिकाणी फोन करून तेच आकडे सांगितले आणि भाव विचारले. आता त्यांना विचारायचं काय ते माहीत होतं.

सगळ्यात जास्त वेळ परतीच्या अटींवर गेला. छापील कार्डावर लिहिलं होतं: 'चालू भावाच्या ९० टक्के परत.' मुलीनं विचारलं, चालू भाव म्हणजे कुणाचा? दुकानदार जरा थांबला आणि म्हणाला, आमचा, त्या दिवशीचा. आणि रोख की बदली? बदली नव्वद, रोख ऐंशी. आणि रिपोर्टाचा मूळ कागद हरवला तर? तर नवा काढण्याचा खर्च तुमचा. हे सगळं बिलाच्या मागे हातानं लिहून, सही-शिक्का घेऊन झालं. अशी विचारपूस करताना लोकांना संकोच वाटतो. मुलीला वाटला नाही, आणि दुकानदाराचाही अपमान झाला नाही.

बिलात १८ कॅरेट सोन्याचं निव्वळ वजन, एचयूआयडी, हिऱ्याचं वजन, रिपोर्ट क्रमांक, मजुरी आणि ३ टक्के जीएसटी अशा वेगळ्या ओळी घ्यायला लावल्या. हॉलमार्क फक्त सोन्याबद्दल बोलतो, हिऱ्याबद्दल नाही. तेव्हा हिऱ्यासाठी बिलावरची ओळ आणि रिपोर्ट हाच पुरावा.

निकाल

अंगठी १,८६,०००ला पडली. पांढऱ्या सोन्यातल्या ०.७२पेक्षा स्वस्त, आणि व्यासानं मोठी. पिवळ्या सोन्यात तो आय रंग कुणाच्या लक्षात येत नाही.

कुड्या मोडल्या नाहीत. उरलेल्या पैशांतून चौदावा हिरा घातला. त्यासाठी नवा खडा नको, जुन्या घाटाचाच हवा, असं मी सुचवलं होतं, कारण आधुनिक कटचा खडा त्या तेरांत वेगळाच लकाकला असता. मुंबईच्या झवेरी बाजारात जुन्या दागिन्यांतले खडे ठेवणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे जुळणारा मिळाला. बसवण्यासकट नऊ हजार लागले. साखरपुड्याला मुलीनं कुड्याच घातल्या.

टोकनचे अकरा हजार रोख परत मिळाले नाहीत. पावतीवर 'परत नाही' असं छापलेलं होतं. पेढीनं तेवढ्याची क्रेडिट नोट दिली आणि आईंनी त्यात चांदीची समई घेतली.

काय वेगळं करता आलं असतं

टोकन देण्याआधी रिपोर्टाचा फोटो घेऊन घरी यायला हवं होतं. साखरपुड्याची तारीख जवळ होती, त्यामुळे 'आज घेतली नाही तर जाईल' ही भीती खरी वाटली. पण एसआय-२, के रंगाचे एक कॅरेटचे खडे बाजारात दुर्मिळ नाहीत.

कुड्या तपासून घेणं हे सगळ्यात आधीचं काम होतं. त्यांच्यातून पन्नास हजार येतील असं गृहीत धरून बजेट ठरलं, आणि त्या बजेटच्या जोरावर पहिली अंगठी परवडणारी वाटली. कुड्यांमधून प्रत्यक्षात काय येतं हे आधी कळलं असतं तर आई दोन लाखांचा आकडा घेऊनच बाहेर पडल्या असत्या आणि १.०१ त्यांच्या समोर आलाच नसता.

लॅबग्रोनचा पर्याय पुरेसा गंभीरपणे तोलला गेला का, याबद्दल माझ्या मनात अजून शंका आहे. मोठा खडा गैरसोयीचा म्हणून तो मागे पडला, एक कॅरेटचा कुणी घालूनच पाहिला नाही. आईंना नैसर्गिक हिरा द्यायचा होता आणि देणाऱ्याच्या इच्छेला मान असतो, हे खरं. पण मुलगी स्वतःच्या पैशानं घेणार असती तर तिनं कदाचित तोच निवडला असता, आणि ती चूक ठरली नसती.

एक गोष्ट राहून गेली ती मी नंतर करायला सांगितली. अंगठीची आणि कुड्यांची वजनं, मापं, भिंगातून काढलेले फोटो आणि रिपोर्टाची प्रत असा एकत्र कागद करून तो बँकेच्या लॉकरमध्ये न ठेवता घरी वेगळा ठेवायचा. लॉकरमधले दागिने आणि त्यांचा पुरावा एकाच जागी असतील तर विमा कंपनीला दाखवायला हातात काहीच उरत नाही. मुलीनं तो केला, आणि कुड्यांच्या कागदावर चौदावा खडा कुठला ते बाणानं दाखवून त्याखाली तो बदलल्याची तारीख लिहिली.